कालप्रवास : कोडे आणि किंमत

कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो वेतनवाढ, बोनस किंवा नवे कामगार कायदे यांवर बोलणार अशी आपली अपेक्षा असते, आणि ती स्वाभाविकच आहे. आम्ही यंदा कालप्रवासावर बोलणार हे कळल्यावर आमच्या युनियनमधले एक जुने सहकारी म्हणाले, "भाऊ, आधी मागच्या महिन्याचा राहिलेला पगार मिळवून द्या, मग मागच्या शतकात जा." त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु या विषयाशी आमची गाठ वाचनालयात पडलेली नाही. ती आपल्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, सळया काढणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर पडली.

रात्रपाळी सुटून आलेला एक तरुण कामगार मोबाइलवर मालिका पाहत बसला होता. मालिका जर्मन, तिचे नाव 'डार्क'. २०१७ ते २०२० या काळात ती तीन खंडांत प्रसिद्ध झाली. चहा थंड होईपर्यंत त्याने आम्हांला तिची कथा सांगितली. २०१९ सालातला एक अकरा वर्षांचा मुलगा गुहेतल्या वाटेने १९८६ सालात जाऊन पडतो. परतीची वाट त्याला सापडत नाही. तिथली एक परिचारिका त्याला पोटच्या पोरासारखा वाढवते. तो मोठा होतो, लग्न करतो, आणि त्याला जो मुलगा होतो तोच या कथेचा तरुण नायक! नायकाला हे सारे उमगते. इकडे हरवलेल्या पोराचे आईबाप वेडेपिसे झाले आहेत. पोराला हाताला धरून परत आणणे नायकाला शक्य आहे. पण तसे केले, तर ते पोर १९८६ सालात वाढणार नाही, त्याचे तिथे लग्न होणार नाही, आणि नायक जन्मालाच येणार नाही. एवढे सांगून तो तरुण म्हणाला, "भाऊ, तुम्ही लई पुस्तकं वाचता. सांगा बरं, त्या पोराला परत आणायचं का नाही?"

मालकाच्या, सरकारी अधिकाऱ्याच्या आणि आमच्याच सभासदांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात आमची तीस वर्षे गेली. पण याला उत्तर देता आले नाही. आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

पुढे जाणारी वाट

काळातला प्रवास दोन दिशांचा. पुढचा आणि मागचा. पुढचा प्रवास शक्य आहे की नाही, याबद्दल आता वाद उरलेला नाही. तो शक्य आहे आणि घडतोही. १९०५ साली आइन्स्टाइनने दाखवून दिले की वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ, जागच्या जागी थांबलेल्याच्या घड्याळापेक्षा हळू चालते. पुढे १९१५ मध्ये त्याने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्याप्रमाणे जिथे गुरुत्वाकर्षण जास्त तिथेही घड्याळ मंदावते. हे नुसते कागदावरचे गणित नव्हे. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी चार अणुघड्याळे साध्या प्रवासी विमानांत ठेवून पृथ्वीभोवती फिरवून आणली. पूर्वेकडून फिरून आलेली घड्याळे सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती, तर पश्चिमेकडून आलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली होती. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. फरक क्षुल्लक, पण सिद्धांताशी जुळणारा.

आपल्या खिशातला मोबाइल रस्ता दाखवतो तोही याच हिशोबावर. रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ही चूक रोज दुरुस्त केली नाही, तर दिवसभरात मोबाइलचा अंदाज सुमारे दहा किलोमीटरने चुकेल. अंबड चौफुलीवर उभ्या असलेल्या माणसाला तो भलत्याच शिवारात दाखवील.

मग एखादा माणूस अतिशय वेगाने दूरच्या ताऱ्याकडे जाऊन आला किंवा कृष्णविवराच्या जवळून फिरून आला तर? त्याचे वय दोन वर्षांनी वाढलेले असेल, आणि घरी नातवंडे म्हातारी झालेली असतील. ही कल्पना आपल्याला नवी नाही. भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजाची कथा आहे. मुलीला, रेवतीला, योग्य वर कोणता हे विचारण्यासाठी तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गंधर्वांचे गायन चालले होते, म्हणून क्षणभर थांबला. गायन संपल्यावर त्याने विचारले, तेव्हा ब्रह्मदेव हसले आणि म्हणाले, राजा, तू मनात योजलेले सारे वर तर गेलेच, त्यांचे पुत्र, पौत्र, नातूही गेले. सत्तावीस चतुर्युगे उलटली. पुढे रेवतीचे बलरामाशी लग्न झाले, म्हणून कथा गोड वाटते. पण परत आलेल्या त्या बापाकडे पाहा. त्याला ओळखणारा एकही माणूस पृथ्वीवर उरला नव्हता.

हे दुःख समजून घ्यायला ब्रह्मलोकी जाण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी जोडपी पाहा. मुकादमाची उचल फेडण्यासाठी कोयता घेऊन पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचे, तान्हे मूल आजीजवळ ठेवायचे. उन्हाळ्यात परत येतात तेव्हा ते मूल चालायला लागलेले असते आणि आईकडे जायला बिचकते. आपल्या सळयांच्या कारखान्यांत बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले भाऊ आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या मनात आपली मुलगी अजून चार वर्षांचीच असते, कारण चार वर्षांची असताना तिला सोडून आले होते. घरचे घड्याळ आणि दूर गेलेल्याचे घड्याळ सारखे चालत नाही, हे कामगाराला आइन्स्टाइनच्या आधीपासून माहीत आहे.

मागे जाणारी वाट

आता मागची दिशा. खरे कोडे इथे आहे. १८९५ साली इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने 'द टाइम मशीन' ही कादंबरी लिहिली आणि काळातून नेणारे यंत्र साहित्यात आणले. त्यानंतर लेखकांना आणि शास्त्रज्ञांना दोन पेचांनी सतावले.

पहिला पेच आजोबांचा. समजा, एक माणूस मागे गेला आणि त्याने आपल्या आजोबांचे लग्नच होऊ दिले नाही. मग बाप नाही, बाप नाही म्हणून तो स्वतः नाही. आणि तो नाही तर लग्न मोडायला मागे गेले कोण? कोणी गेले नाही, म्हणजे लग्न झाले. लग्न झाले, म्हणजे तो जन्मला आणि मागे गेला. बैल घाण्याभोवती फिरावा तशी बुद्धी फिरत राहते.

दुसरा पेच वर्तुळाचा. आमच्या धंद्यातलेच उदाहरण घेऊ. समजा, एका म्हाताऱ्या कामगाराने आम्हांला एक झकास घोषणा शिकवली. आम्ही काळात मागे गेलो, तोच कामगार तरुणपणी भेटला, आणि आम्ही ती घोषणा त्याला शिकवली. पुढे म्हातारपणी त्याने ती आम्हांला शिकवली. आता प्रश्न असा की, ती घोषणा रचली कोणी? आम्ही त्याच्याकडून घेतली, त्याने आमच्याकडून घेतली. रचण्याची मेहनत मात्र कोणीच केली नाही. मेहनतीवाचून तयार झालेली वस्तू जगात असते, हे निदान आम्हां कामगारांना तरी पटण्यासारखे नाही.

या पेचांतून सुटण्याच्या दोन वाटा शास्त्रज्ञांनी सुचवल्या. पहिली रशियन शास्त्रज्ञ नोविकोव्ह याच्या नावाने ओळखली जाते. तिच्याप्रमाणे मागे गेलात तरी घडलेले बदलता येत नाही. तुम्ही मागे जाऊन जे कराल ते इतिहासात आधीपासून धरलेलेच असते. आजोबांवर बंदूक रोखाल तर ती उडणार नाही. दुसरी वाट १९५७ साली अमेरिकेच्या ह्यू एव्हरेट याने अणुविज्ञानासाठी मांडलेल्या कल्पनेतून निघाली. जिथे दोन गोष्टी घडू शकतात तिथे दोन्ही घडतात, आणि जगाला फांद्या फुटतात. आजोबांचे लग्न मोडले, तर ते दुसऱ्या फांदीवर मोडले. तुमच्या फांदीवर काही फरक पडत नाही.

मग मागे जाणे निसर्गाला मान्य आहे काय? १९४९ साली गणिती कुर्ट गोडेल याने आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून असे एक विश्व काढून दाखवले की ज्यात वाट फिरून स्वतःच्या भूतकाळात येते. पण ते आपले विश्व नव्हे. १९९२ मध्ये स्टीफन हॉकिंगने असे मत मांडले की निसर्गाचे नियमच मागची वाट बंद ठेवत असावेत. हा गृहस्थ विनोदी होता. २८ जून २००९ रोजी त्याने कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली, आणि तिचे निमंत्रण मेजवानी होऊन गेल्यावर जाहीर केले. म्हणजे ज्याला मागे येता येते तोच हजर राहील. कोणीही आले नाही. सभेला माणूस न येण्याचा अनुभव आम्हांलाही आहे, पण त्यातून एवढे मोठे अनुमान काढण्याचे आम्हांला कधी सुचले नाही.

गंगाधरपंतांचा मुलगा

हे झाले बुद्धीचे कोडे. परंतु कोडे सुटले तरी मनाला जे लागते ते उरतेच. ते काय आहे, हे आमच्या वाचनात सर्वांत नीट सांगितले ते एका मराठी कथेने.

डॉ. जयंत नारळीकर हे नाव आपणांस नवे नाही. केंब्रिजमध्ये नावाजलेले हे खगोलशास्त्रज्ञ पुढे भारतात परतले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी केली की हे नाव निघते. आपल्या मोठेपणाकडे पाहून बक्षीस मिळू नये, हा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते वारले.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा अशी. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक. सभांचे अध्यक्षपद भूषवण्याची त्यांना भारी हौस; नऊशे नव्व्याण्णव सभा झालेल्या, हजारावी पानिपतावरची. पानिपत मराठ्यांनी जिंकले असते तर काय झाले असते, या विचारात असताना त्यांना एका ट्रकची धडक बसते, आणि ते एका वेगळ्याच जगात जागे होतात. त्या जगात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागलेली नाही. ती कानाजवळून निघून गेली आहे. मराठ्यांचे राज्य टिकले आहे, इंग्रज मुंबईसारख्या ठाण्यांत व्यापारापुरते उरले आहेत. शेवटी पंत आझाद मैदानावरच्या एका सभेत जातात. तिथे अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून सवयीने जाऊन बसतात. पण त्या जगातल्या श्रोत्यांनी अध्यक्ष ही चालच बंद केलेली असते! ते पंतांना हुसकावून लावतात. परत आल्यावर त्यांच्या खिशात त्या जगातल्या बखरीचे पान सापडते, आणि त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना फांद्या फुटणाऱ्या जगाचे शास्त्र समजावून सांगतात.

रिकाम्या खुर्चीवरून एक आठवण होते. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला भरलेल्या साहित्य संमेलनाचे नारळीकर अध्यक्ष होते, पण प्रकृतीमुळे ते स्वतः येऊ शकले नाहीत. त्यांच्या वाचकांना त्या वेळी आझाद मैदानावरची खुर्ची आठवल्यावाचून राहिली नसेल.

या कथेची चर्चा होते ती पानिपताची आणि शास्त्राची. आमचे लक्ष मात्र मधल्या एका लहानशा प्रसंगाकडे जाते. मुंबईत उतरल्यावर पंत आपल्या मुलाला शोधायला फोर्ब्स कंपनीच्या इमारतीत जातात, कारण मुलगा तिथे नोकरीला. चौकशीच्या टेबलावरची बाई यादी चाळते आणि सांगते की विनय गायतोंडे नावाचा कोणीही इथे नाही. पंतांच्या लक्षात येते की, तो या जगात कदाचित जन्मलाच नसेल.

श्रोतेहो, सगळा कालप्रवास या एका प्रसंगात आहे. पानिपत जिंकावे असे कोणत्या मराठी माणसाला वाटत नाही? अडीचशे वर्षे आपण त्या गोळीला दोष देत आलो. पण ती गोळी चुकली, की त्यानंतरची लग्ने बदलली, गावे बदलली, कोण कोणाला भेटला ते बदलले, आणि पंतांचा विनय यादीतून गेला. जिंकलेल्या पानिपताचे मोल त्यांना आपल्या एकुलत्या जगातल्या मुलाने चुकते करावे लागले. आजोबांच्या पेचात बुद्धीला जे कोडे दिसते, तेच इथे बापाच्या काळजाला दुःख होऊन भिडते. दोन्हींचा अर्थ एकच : भूतकाळातला एक धागा ओढला की त्यानंतर विणलेले सारे कापड उसवते, आणि ओढणाराही त्याच कापडातला असतो.

पडद्यावरचे दुःख

दूरचित्रवाणीवरच्या चांगल्या कालप्रवासाच्या मालिका पाहाव्यात तर त्या याच जागी येऊन थांबतात. यंत्र, दिवे, धूर हे सारे पोरांसाठी. रडू येते ते या हिशोबामुळे.

'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेचा एक भाग ६ एप्रिल १९६७ रोजी दाखवला गेला. त्यात अवकाशयानाचा कप्तान कर्क १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये येतो. मंदीचे दिवस, बेकारांच्या रांगा. तिथे एडिथ कीलर नावाची बाई बेकारांसाठी अन्नछत्र चालवते, आणि कर्क तिच्यावर प्रेम करू लागतो. मग कळते की ही बाई अपघातात मरायची आहे. ती वाचली तर तिची शांततेची चळवळ मोठी होईल, अमेरिका युद्धात उशिरा उतरेल, आणि हिटलर जिंकेल. शेवटी मोटार येते, कर्कचा मित्र तिला वाचवायला धावतो, आणि कर्क त्यालाच धरून ठेवतो. भुकेल्यांना जेवू घालणाऱ्या बाईलाच इतिहासाने बळी मागावा, ही कथाकाराची योजना आम्हांला रुचत नाही. चळवळीतला माणूस ती सहजासहजी गिळणार नाही. पण धरून ठेवणाऱ्या त्या हातांचे दुःख खोटे नाही.

इंग्लंडची 'डॉक्टर हू' ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. तिच्या मे २००५ मधल्या एका भागात रोझ नावाची मुलगी, ती तान्ही असताना मोटारीखाली सापडून मेलेल्या बापाला पाहायला मागे जाते. पाहता पाहता तिला राहवत नाही, आणि ती बापाला बाजूला ओढते. बाप वाचतो, पण काळालाच जखम होते आणि जग मोडू लागते. काही वेळाने बापाच्या लक्षात येते की ही तरुण पोर म्हणजे आपलीच मुलगी, आणि आपण जिवंत राहिलो ही चूक आहे. तो स्वतः चालत त्या मोटारीपुढे जातो. रोझला मिळते ते एवढेच की, या वेळी बाप एकटा मरत नाही.

आपल्याकडे दूरदर्शनवर १९८९ मध्ये 'इंद्रधनुष' ही मुलांची मालिका झाली, तीत कालप्रवास होता. परंतु आमच्या पिढीला काळाचे दुःख खरे दाखवले ते १९८८ ते १९९० च्या 'महाभारता'ने. रविवारी सकाळी आळीत ज्यांच्याकडे टीव्ही असे त्यांच्या ओसरीपर्यंत माणसे बसत. पडद्यावर विश्वचक्र फिरे आणि हरीश भिमाणी यांच्या आवाजात प्रत्यक्ष काळ बोलू लागे. राही मासूम रझा यांच्या लेखणीतून उतरलेला हा काळ मागचे जाणतो, पुढचे जाणतो. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरताना त्याला शेवट ठाऊक असतो. पण त्याला एकही बाण अडवता येत नाही. सर्व काळात हिंडण्याची मोकळीक असलेला हा एकमेव प्रवासी, आणि तोच सर्वांत हतबल.

असईचा उतार

पंतांना पानिपत होते. आपल्याला आपल्याच जिल्ह्यात असई आहे. भोकरदन-जाफराबादच्या बाजूला केळना आणि जुई या नद्यांच्या दुआबात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. मराठ्यांकडे शिकवलेली पायदळाची पलटणे, शंभराच्या आसपास तोफा आणि प्रचंड घोडदळ. वेलस्लीकडे सुमारे साडेचार हजार माणसे. मध्ये केळना नदी, आणि वाटाडे सांगत होते की जवळपास उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. त्याने अनुमान केले की, दोन गावे अशी समोरासमोर वसली आहेत म्हणजे मध्ये येण्याजाण्याचा उतार असलाच पाहिजे. तो होता. फौज पलीकडे गेली आणि लढाई इंग्रजांनी जिंकली. साडेचार हजारांतले दीड हजारांहून अधिक ठार आणि जखमी झाले तरी जिंकली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि १८१५ साली त्याने वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला.

काळात मागे जाता आले असते, तर आपल्यापैकी पुष्कळांनी त्या नदीकाठी जाऊन काहीतरी केले असते. उतारात दगड टाकले असते, शिंद्यांना निरोप दिला असता. पण गंगाधरपंतांची यादी विसरू नका. असई जिंकल्यावर त्या यादीत आपल्यातले कोण उरले असते? निझामाची सीमा कुठे पडली असती, १७ सप्टेंबर १९४८ आला असता का, १ मे १९८१ ला हा जिल्हा झाला असता का, आणि आज या मंडपात कोण बसले असते? मंडप असता तरी त्यातली माणसे दुसरी असती.

यातून इतिहासाबद्दल शोक करू नये असा अर्थ आम्ही काढत नाही. शोक करावा, तो माणुसकीचा भाग आहे. परंतु आणखी एक गोष्ट असईला दिसते. त्या दिवशी त्या काठावर उभ्या असलेल्यांपैकी कोणालाही हा फांदी फुटण्याचा क्षण आहे असे ठाऊक नव्हते. ती रोजचीच नदी होती आणि गावकऱ्यांच्या जाण्यायेण्याचा उतार होता.

एक शनिवार

इथे स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वीची. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. एका शनिवारी रात्री साडेआठच्या सुमारास एक कामगार आमच्या कचेरीत आला. म्हणाला, "भाऊ, तापलेली सळई मशीनमधून कधी कधी बाहेर उडते, सापासारखी. आडवी जाळी होती ती काढून ठेवली, परत लावलीच नाही." आम्ही घरी निघालो होतो, कुलूप हातात होते. आम्ही म्हणालो, "सोमवारी ये, अर्ज लिहू." रविवारच्या रात्रपाळीत सळई उडाली. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्यानंतर संप झाला. अकरा दिवस चालला. जाळी बसली, नुकसानभरपाई मिळाली. त्याच्या बायकोने आम्हांला कधी बोल लावला नाही. एकदाच, कागदावर अंगठा देताना, तिने विचारले, "शनिवारी तुमच्याकडंच आले होते ना?" आम्ही हो म्हणालो.

तेव्हापासून त्या शनिवारी आम्ही किती वेळा परत गेलो, याची गणती नाही. प्रत्येक वेळी कुलूप खाली ठेवतो आणि अर्ज लिहितो. मग मनच उलट विचारते : अर्जाने जाळी बसली असती काय? अर्ज फाइलीत पडून राहिला असता तर? आज त्याच मशीनवर, त्याच जाळीमागे आठ-दहा तरुण काम करतात. टपरीवर मालिका पाहणारा तो मुलगा त्यांतलाच एक. त्या जाळीसाठी एका माणसाचा जीव जाणे आवश्यक होते, असे जो म्हणेल त्याचे तोंड आम्ही पाहणार नाही. आणि तो गेला नसता तरी जाळी बसलीच असती, असे छातीवर हात ठेवून सांगण्याचे धैर्यही आमच्यात नाही. हा हिशोब आम्हांला जुळवता आलेला नाही. कालप्रवासाच्या कथा आम्ही वाचतो आणि पाहतो त्या यासाठीच. हा हिशोब जुळत नाही हे त्या प्रामाणिकपणे सांगतात. काळ हे सर्व दुःखांवर औषध आहे असली खोटी समजूत घालत नाहीत.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर. 'डार्क' मधला नायक पोराला त्या वेळी परत आणत नाही. भित्रेपणामुळे म्हणा, जगण्याच्या ओढीमुळे म्हणा; आम्ही त्याला दोष देत नाही. पण मालिकेच्या अखेरीस तो आणि त्याची प्रेयसी ज्या अपघातापासून सारा गुंता सुरू झाला तो अपघातच टाळतात, आणि त्याबरोबर स्वतः नाहीसे होतात. मागचे दुरुस्त करायचे तर एवढी किंमत पडते. आपण कोणी ती देऊ शकत नाही, कारण ते दुकानच आपल्यासाठी उघडलेले नाही.

आपल्यासाठी उघडी आहे ती पुढची वाट, आणि तिच्यावरचे उतार साध्या दिवसांसारखेच दिसतात. कोणता शनिवार कोणत्या फांदीचा, हे आधी कळत नाही. म्हणून त्या घटनेनंतर आमच्या कचेरीत एक नियम आहे, आणि तो आमच्यानंतर येणाऱ्यांनीही पाळावा अशी आमची इच्छा आहे. रात्री कितीही वाजता कोणी तक्रार घेऊन आले, तर अर्ज त्याच रात्री लिहायचा, आणि मगच कुलूप लावायचे.

हे उत्तर आम्ही त्या तरुणाला टपरीवर सांगितले. त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे भाऊ, पोराला आणायचं का नाही, ते तुम्ही सांगितलंच नाही." त्याचेही बरोबर आहे. प्रश्न आम्ही या सभेपुढे ठेवतो.